चादरीचं चौथं टोक

कौसाताई कधी वाकायच्या नाहीत. जमिनीवर थर्मामीटर पडो, पेशंटची चप्पल पडो की स्वतःचा रुमाल, त्या आधी पाय फाकवून उभ्या राहायच्या, मग पाठ ताठ ठेवून चुलीपुढे बसावं तशा खाली बसायच्या, वस्तू उचलायच्या आणि पलंगाचा गज धरून तितक्याच सावकाश उठायच्या. पाहणाऱ्याला वाटावं, बाईला भारी मिजास आहे. पहिल्या दिवशी मलाही तेच वाटलं होतं.

मी नुकतंच नर्सिंग संपवून औरंगाबादच्या एका मोठ्या दवाखान्यात लागले होते. शहराचं नाव तेव्हा औरंगाबादच होतं. घर उस्मानपुऱ्यात, वडील कचेरीत कारकून, आणि मी पाण्याचा हंडासुद्धा कधी न उचललेली. मला बायकांच्या हाडांच्या वॉर्डात टाकलं. तिथल्या इंचार्ज कौसल्या सिस्टर, म्हणजे सगळ्यांच्या कौसाताई, मूळच्या बिडकीनच्या शेतकरी घरातल्या. पहिल्याच सकाळी माझ्या हातातून कात्री पडली आणि मी कमरेतून वाकून ती उचलायला गेले. पाठीवर सणसणीत थाप बसली.

"ए कुलकर्णी, ही कंबर तुझ्या बापानं सरकारला लिहून दिली काय?"

मी कात्री सोडून उभी राहिले. अख्खा वॉर्ड माझ्याकडे बघत होता.

"जमीन सरकारजमा झाली तर कोर्टात भांडून माघारी मिळती. कंबर गेली की गेली. बस खाली. तशी नाय, गुडघ्यातून बस. हां, आता उचल."

सरकारजमा हा त्यांचा आवडता शब्द. ड्यूटीवर कुणी कमरेवर हात ठेवून उभी दिसली की त्या लांबूनच ओरडायच्या, "झाली का गं सरकारजमा?" मग तिला भिंतीशी नेऊन पाठ टेकवून उभी करायच्या आणि गुडघे वाकवत खाली-वर करायला लावायच्या. पेशंट हसायचे. कडक खळ दिलेल्या पांढऱ्या साडीत पाय फाकवून उभं राहणं आम्हाला लाजिरवाणं वाटे. आमच्या मेट्रन, प्रधानबाई, तर ते दिसलं की चिडायच्या. सभ्य बाईला असं उभं राहणं शोभत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यावर कौसाताई आम्हाला सांगायच्या, "पाय जोडून उभं राहायचं ते फोटूत. वजन उचलताना पाय फाकवायचे. शोभा बघायची तर दवाखान्यात कामून आल्या?"

आणि त्यांचा खरा कायदा एकच होता. पेशंटला एकटीने उचलायचं नाही. पेशंटच्या अंगाखाली जाड चादर सरकवायची, चार टोकं चौघींनी धरायची, एकीने आकडे मोजायचे आणि तीनला सगळ्यांनी मिळून उचलायचं. चौघी जमल्याशिवाय हात लावायचा नाही, मग कुणी कितीही ओरडो. आमच्या वॉर्डात त्या चौघी ठरलेल्या होत्या: मी, शांता साळवे नावाची माझ्याच वयाची सिस्टर, नसीमबी नावाची जुनी आया, आणि चौथ्या टोकाला स्वतः कौसाताई. त्या फार जोर लावायच्या नाहीत, लावूच शकायच्या नाहीत. पण आकडे त्याच मोजायच्या आणि ते टोक त्यांनी दुसऱ्या कुणाला दिलं नाही.

स्वभावाने त्या गोड होत्या असं लिहिलं तर त्याच मला येऊन थाप मारतील. कौतुक करायला त्यांची जीभ वळत नसे. आणि त्या कधी काही विसरत नसत. बिडकीनच्या बसचा एक कंडक्टर होता. कमरेमुळे ताईंना पायरी चढायला वेळ लागला म्हणून त्याने एकदा बेल मारून गाडी सोडली. त्यानंतर ताई त्याची गाडी समोर उभी असली तरी चढत नसत, उन्हात पुढच्या गाडीची वाट बघत. पुढे त्याचीच आई पाय मोडून आमच्या वॉर्डात आली. म्हातारीचं ताईंनी सगळं केलं, वेणीफणीसुद्धा केली. पण रोज सकाळी खाकी कपड्यात भेटायला आलेल्या त्या माणसाला त्या थांबवायच्या. "आई कुणाची? तुझी ना? मग धर टोक." तो घड्याळाकडे बघायला लागला की म्हणायच्या, "गाडी थांबव की जरा. थांबती गाडी, मला ठावं हाय." म्हातारी घरी जाईपर्यंत त्याच्या किती गाड्या चुकल्या देव जाणे. मला हे सगळं फार आवडायचं. मीही काही फार मोठ्या मनाची नाही.

हा कायदा त्यांनी कुठून आणला ते मला नसीमबीने सांगितलं. एके दुपारी आम्ही दोघी कापूस कातरत बसलो होतो.

"मैं वहींच खडी थी, बाई," नसीमबी म्हणाली. "ये प्रधानबाई तब वॉर्ड की सिस्टर थी. और अपनी कौसा जवान छोकरी. एक सेठानी थी, ये इत्ती बडी. पलंग पे नीचू सरक गयी. और डॉक्टरों का राउंड आने को हुआ."

प्रधानबाईंच्या राउंडला वॉर्ड कसा दिसला पाहिजे हे मला माहीत होतं. चादरीला सुरकुती नको, उशा एका रेषेत, आणि प्रत्येक पेशंटचं डोकं उशीवर. पेशंट खाली घसरलेला दिसला तर त्यांना स्वतःचा अपमान वाटे. त्या दिवशी त्यांनी कौसाताईंना सांगितलं, हिला वर घे. कौसाताई म्हणाल्या, नसीमबी हातातलं भांडं ठेवून येते, दोघी घेतो. प्रधानबाई म्हणाल्या, "शेतकऱ्याची मुलगी ना तू? पोती उचलली असशील घरी. उचल."

कौसाताईंनी एकटीने उचललं. सेठाणीचं डोकं उशीवर आलं आणि कौसाताई पलंगाशेजारी खाली बसल्या. त्यांना उठताच येईना. डॉक्टरांचा घोळका दारात आला, तेव्हा प्रधानबाई हसून म्हणाल्या, "बिडकीनची म्हैस एका ओझ्यात बसली बघा." डॉक्टरही हसले, हे नसीमबीने दोनदा सांगितलं.

कौसाताई कितीतरी महिने घरी फळीवर पडून होत्या. त्यांचं लग्न करमाडच्या घरात ठरलं होतं. सासूबाई भेटायला आल्या, फळीवरची सून बघितली, चहा घेतला आणि म्हणाल्या, "आमच्याकडं विहिरीचं पाणी शेंदावं लागतं." पुन्हा त्या घरातून कुणी आलं नाही. ताईंनीही नंतर कुठल्याच घराचं नाव काढू दिलं नाही. कामावर परत आल्या तेव्हा दुखण्याच्या गोळ्यांची पुडी पदराच्या टोकाला बांधलेली होती, आणि ती शेवटपर्यंत तिथेच राहिली.

ऐकून माझं डोकं तापलं. मी तडक ताईंकडे गेले आणि म्हटलं, "ताई, तुम्ही त्या बाईचं काही वाकडं कसं केलं नाही?"

त्या पट्टी गुंडाळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "करून राह्यले की. रोज करते. तुमची येकेक कंबर साबूत घरी जाती ना, ती तिच्या नाकावर टिच्चून जाती. आन् तिचा हिसाब येगळा हाय. तो बी हुईन."

तो होण्याआधी ताईंनाच एक दणका बसला, आणि त्याला कारण मी झाले. एक थोराड बाई मांडीचं हाड मोडून आमच्याकडे होती. पायाला वजन टांगलेलं, त्यामुळे ती सारखी खाली घसरायची. त्या दिवशी शांता रजेवर होती. राउंड आत शिरला, पुढे डॉक्टर, मागे प्रधानबाई. बाईचं डोकं उशीच्या खाली आलेलं त्यांच्या नजरेत भरलं.

"कुलकर्णी, पेशंट वर घ्या."

मी पुढे झाले. खरंच झाले. मेट्रनचा हुकूम म्हटल्यावर पाय आपोआप उचलला गेला. तेवढ्यात मागून आवाज आला.

"हात लावायचा नाय."

कौसाताई पलंगापाशी आल्या. एक टोक माझ्या हातात दिलं, एक नसीमबीच्या, एक स्वतः धरलं. मग प्रधानबाईंकडे वळून अगदी अदबीने म्हणाल्या, "बाई, आज शांता नाय. चौथं टोक मोकळं हाय. तुमी धरा."

"मी?"

"व्हय. म्हशी तिघीच हायेत, चौथी लागती."

डॉक्टर केसपेपर उलटेपालटे करू लागले. प्रधानबाईंच्या मानेवर लाल चट्टे उठले. त्यांनी चादरीच्या त्या लोंबत्या टोकाकडे पाहिलं, मग पदर सारखा केला आणि तरातरा निघून गेल्या. शेवटी एका शिकाऊ डॉक्टरने ते टोक धरलं. त्याच आठवड्यात ताईंची बदली कपड्यांच्या स्टोअरमध्ये झाली. वॉर्ड गेला, पेशंट गेले, आणि ज्या बाईला वाकता येत नाही तिला खालच्या फडताळांतल्या चादरी मोजायला बसवलं. माझ्यामुळे झालं म्हणून मी रडले, तर त्या खेकसल्या, "रडती कामून? मला तिनं दारूगोळ्याच्या कोठारात बसवलंय. बघच तू."

स्टोअरला एक शिंपी होता. ताईंनी त्याला हाताशी धरलं. जाड मांजरपाट दुहेरी घेऊन त्याच्या आखूड चादरी शिवल्या आणि चारही कोपऱ्यांना पलंगाच्या नवारीच्या भक्कम मुठी लावल्या. त्या चादरीला चारच मुठी, चार लांबच्या कोपऱ्यांत. एकटीने ती धरायची म्हटलं तरी धरता येणार नाही, अशी ती शिवली होती. धुतलेल्या कपड्यांच्या गठ्ठ्यात घालून ताईंनी त्या प्रत्येक वॉर्डात पाठवल्या. प्रधानबाईंनी "हा दवाखाना आहे की बारदानाचं दुकान" म्हणत त्या परत मागवल्या. पुढच्या गठ्ठ्यात त्या पुन्हा गेल्या. ज्या वॉर्डात एकट्या सिस्टरकडून पेशंट उचलून घेतल्याचं ताईंच्या कानावर येई, त्या वॉर्डाच्या चादरी वाळायला फार वेळ लागे. तिथल्या इंचार्ज स्टोअरच्या दारात येऊन हात जोडत. ताई आतूनच म्हणत, "ऊन नाय ना बाई, काय करावं." बाहेर मराठवाड्याचं ऊन असे, डांबर वितळवणारं.

असं करत करत त्या चादरी दवाखान्यात मुरल्या. प्रधानबाई निवृत्त झाल्या तेव्हा निरोपसमारंभाला आम्हा सगळ्यांना जावंच लागलं. ताई स्टोअरचं दार लावून नवारी कापत बसल्या होत्या. नव्या मेट्रन आल्या आणि त्यांनी ताईंना आमच्या वॉर्डात परत आणलं. मी, शांता, नसीमबी, आणि चौथं टोक पुन्हा ताईंच्या हातात.

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी एका दुपारी स्ट्रेचरवरून प्रधानबाई आल्या. न्हाणीघरात पाय घसरून खुब्याचं हाड मोडलेलं, ऑपरेशन होऊन थेट आमच्या वॉर्डात. केस पांढरे झालेले, पण आवाजात तोच हुकूम. ताईंनी त्यांचा कागद वाचला, त्यांच्याकडे पाहिलं आणि त्यांना खिडकीजवळचा चांगला पलंग दिला. अंगाखाली नवारीच्या मुठीची चादर स्वतः घातली. मला वाटलं, संपलं वाटतं वैर. मला वाईटच वाटलं थोडं.

दुसऱ्या दिवशी ड्यूटी बदलायच्या सुमारास ताईंनी शांताला हाक मारली आणि तिला पार पलीकडच्या इमारतीत कापूस आणायला पाठवलं. कापूस कपाटात भरपूर होता. वर सांगितलं, "सावकाश ये. धावून कंबर मोडू नको." तोवर प्रधानबाईंनी लघवीचं भांडं मागितलं.

"आणते," ताई म्हणाल्या आणि पलंगाशी येऊन उभ्या राहिल्या. नसीमबी उभी राहिली. मी राहिले. कुणी हात लावला नाही.

"अगं, उचला ना मला. घाई आहे."

"तिघी हाओत, बाई. चौघी लागत्यात."

"तू एकटी घे की थोडं वर! काय मोठं वजन आहे माझं?"

"कायदा हाय."

"मी इथली मेट्रन होते!"

"व्हय. तवापासूनच हाय हा कायदा."

प्रधानबाईंनी तेव्हा पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट पाहिलं. त्यांना आपलेच जुने शब्द आठवले असावेत. अगदी हळू म्हणाल्या, "बिडकीनची..."

"व्हय," ताई म्हणाल्या. "म्हैस."

प्रधानबाईंनी डोळे मिटले. पलंग ओला झाला. जन्मभर चादरीची एक सुरकुती सहन न केलेली ती बाई आमच्या तिघींसमोर ओल्या चादरीवर पडून राहिली आणि खिडकीकडे तोंड करून रडू लागली. मला दया आली नाही. आली असती तर इथे लिहिलं असतं. मला फळीवर पडलेली चोवीस-पंचविशीची कौसा दिसत होती आणि दारात हसणारे डॉक्टर ऐकू येत होते.

शांता कापूस घेऊन आली. ताईंनी चौथी मूठ धरली. "येक, दोन, तीन." प्रधानबाई अलगद वर आल्या. नसीमबीने खालचं ओलं काढलं, आम्ही त्यांना पुसलं, कोरडं केलं, पावडर लावली, नवी चादर घातली आणि पुन्हा तीनला त्यांना उशीवर ठेवलं.

"दुखलं का?" ताईंनी विचारलं.

प्रधानबाईंनी नाही म्हणून मान हलवली.

"आमालाबी नाय दुखलं," ताई म्हणाल्या. "येवढंच होतं, बाई. नसीमबी भांडं ठेवून येईपस्तोर थांबायचं. येवढंच होतं."

प्रधानबाईंनी त्यांचा हात धरला. "कौसल्या, माझं चुकलं. माफ कर मला."

ताईंनी हात सोडवून घेतला, रागाने नाही, जखमेची पट्टी सोडवावी तसा. "तुमची सेवा करीन. तो जिम्मा हाय मपला, त्यात कसूर नाय हुयाची. माफी मातर मपल्याकडं नाय. ती लग्नाच्या साड्यांसंगं वाटून टाकली."

आणि खरोखर कसूर झाली नाही. प्रधानबाई घरी जाईपर्यंत त्यांच्या पाठीला साधा लाल डाग पडला नाही. दर वेळी चौघी, दर वेळी तीनला, आणि दर वेळी ताई विचारायच्या, "दुखलं का?" प्रधानबाई ते ऐकून भिंतीकडे तोंड वळवायच्या. रोज, दिवसातून कितीतरी वेळा. याहून मोठी शिक्षा मी पाहिलेली नाही.

ताई निवृत्त होऊन उस्मानपुऱ्यातच, आमच्या घरामागे एका खोलीत राहिल्या. फार दिवस राहिल्या नाहीत. वर्षानुवर्षं गिळलेल्या दुखण्याच्या गोळ्यांनी त्यांची मूत्रपिंडं गेली. डॉक्टरांनी ते सांगितलं तेव्हा ताई नुसत्या हसल्या. मी मात्र दवाखान्याच्या जिन्यात उभी राहून प्रधानबाईंना मोठ्याने शिव्या घातल्या. डॉक्टरांच्या राउंडला एक उशी नीट दिसावी म्हणून या बाईने माझ्या कौसाताईंना मारलं, फक्त मरायला तीस-पस्तीस वर्षं लावली. शेवटच्या दिवसांत ताईंना कूस बदलून द्यायला आम्ही तिघी आळीपाळीने यायचो. मी एकटीच असले आणि हात घालायला गेले, की तेवढ्या अवस्थेतही त्या डोळे वटारायच्या. "चौघी येऊंदे." मग मी शेजारणींना हाका मारत सुटायची.

त्या गेल्या तेव्हा सकाळ होती. बिडकीनहून भाचा आला, चांगला दांडगा शेतकरी गडी. त्यांना गावी न्यायचं होतं, गाडी दारात उभी होती. पलंगाशी येऊन तो म्हणाला, "आत्याचं वजन ते काय राह्यलंय. मी येकलाच घेतो उचलून." आणि तो कमरेतून वाकला.

"हात लावायचा नाही!"

माझा आवाज एवढा चढला की खोलीतलं रडणं थांबलं. मी ताईंच्या गादीखालून नवारीच्या मुठीची चादर काढली आणि आम्ही ती त्यांच्या अंगाखाली सरकवली. एक मूठ मी धरली, एक शांताने, एक नसीमबीने. चौथी मूठ पलंगावरून खाली लोंबत राहिली. ताई असताना ती कुणी धरायची याचा विचारच आम्हाला करावा लागला नव्हता.

तेवढ्यात दारातली माणसं बाजूला झाली. प्रधानबाई काठी टेकत आत आल्या. कुणी कळवलं होतं कोण जाणे, रिक्षाने एकट्या आल्या होत्या. त्या थेट पलंगापाशी पोचल्या, काठी भिंतीला टेकवली आणि लोंबणारी चौथी मूठ हातात घेतली.

"मी धरते," त्या म्हणाल्या. "एवढं तरी करू दे मला."

नसीमबीने माझ्याकडे पाहिलं. शांताने पाहिलं. सगळ्या खोलीने पाहिलं. कुणीही म्हटलं असतं, म्हातारी आहे, पश्चात्ताप झालाय, धरू द्यावं. ताईंनी दिलं असतं का? नसतं. मला खात्री आहे. आणि त्यांनी दिलं असतं तरी मी देणार नव्हते.

मी त्यांची बोटं एकेक करून मुठीवरून सोडवली. जोर केला नाही. "बाई, खुब्यात सळई आहे तुमच्या," मी म्हटलं. "वजन उचलायचं नाही तुम्ही. कायदा आहे."

त्यांना समजलं. मी पाहिलं, त्यांना पूर्ण समजलं. त्या काठी घेऊन दारापर्यंत मागे सरकल्या.

"तुझी आत्या आहे ना?" मी भाच्याला म्हटलं. "धर टोक. पाय फाकव. पाठ ताठ, गुडघ्यातून खाली बस. मी तीन म्हणेन तेव्हाच."

त्याने पाय फाकवून मूठ धरली. ताईंसमोर आकडे पहिल्यांदाच मी मोजले. एक, दोन, तीन. ताई उठल्या, एकसारख्या, जराही न हिंदकळता, आणि आम्ही त्यांना दारातून गाडीकडे नेलं. आम्हा चौघांपैकी कुणालाच दुखलं नाही. दुखलं असेलच, तर दाराशी काठी धरून उभ्या राहिलेल्या त्या एकटीला. दुखू दे.